वेस्टाचा दगड

सह्याद्रीच्या पायथ्याला किंवा देशावरच्या कुठल्याही पायवाटेवर मिळेल असा एक काळा दगड आधी हातात घ्या. मुठीत मावेल एवढा पुरे. घरात जुना वरवंटा असेल तर त्यावर हात ठेवलात तरी चालेल. बहुतेक तोही याच दगडाचा असतो. ज्यांच्या आसपास हा दगड नाही, जे कोकणातल्या जांभ्यावर किंवा परमुलखात राहतात, त्यांनी तो आठवावा. मग निवांत बसा. हे मनन वाचता वाचताच करायचं आहे. जिथं थांबावंसं वाटेल तिथं वाचन थांबवा, दगडाकडे लक्ष न्या, मन स्थिरावलं की पुढं या.

आधी फक्त त्याचं वजन जाणून घ्या. पृथ्वी त्याला खाली ओढते आहे आणि तुमचा तळहात त्याला अडवून धरतो आहे, एवढंच सध्या घडतं आहे. दगड थंड लागेल. थोड्या वेळानं हाताची ऊब त्यात उतरेल. उतरू द्या.

हा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्या थरावर पुन्हा लाव्हा आला, पुन्हा थिजला. पावसाळ्यात घाटातून जाताना डोंगरांच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ते हे थर. झिजून झिजून आज जे उरलं आहे तेही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यानं व्यापला आहे. अजिंठ्याची लेणी यात कोरली, वेरूळचं कैलास लेणं यातच वरून खाली उतरवलं, रायगडाचा कडाही हाच. भिंगाखाली धरलात तर दगडात बारीक कण दिसतील. त्यांत मुख्य खनिजं दोन. फिकट रंगाचं फेल्डस्पार आणि गडद रंगाचं पायरॉक्सिन. हे दुसरं नाव मनात असू द्या, पुढं लागणार आहे.

या दगडाचं नंतर काय काय झालं, तेही सावकाश डोळ्यांसमोर आणा. पाऊस त्यावर पडत राहिला आणि त्याची काळी माती झाली. कापूस, ज्वारी, तूर त्या मातीत उभी राहिली. लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या होत्या. त्यांत झिरपलेल्या पाण्यानं लाखो वर्षं घेऊन झिओलाइटचे पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक वाढवले. विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावताना ते अचानक उघडे पडतात. दगडाच्या अंधारात पाणी इतकं देखणं काम करून ठेवतं, याचं मला अजूनही नवल वाटतं. हातातला दगड साधा असेल, तरी तो अशा मोठ्या कुळातला आहे.

इथं जरा थांबा.

आता दगड तसाच हातात ठेवून मन वर न्या, एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. मंगळ जवळपास २३ कोटींवर. मंगळ ओलांडला की गुरूपर्यंत, म्हणजे ७८ कोटी किलोमीटरपर्यंत, मोठा ग्रह लागत नाही. मधल्या या पट्ट्यात लघुग्रह फिरतात. चित्रपटांत दिसतो तसा दगडांचा खच इथं नाही. कितीतरी अंतराळयानं हा पट्टा ओलांडून गेली आणि कुठल्याही दगडाला न धडकता पार झाली. पट्ट्यातलं सगळं द्रव्य एकत्र केलं तरी ते आपल्या चंद्राच्या तीन-चार टक्केच भरेल. शेजारी बलाढ्य गुरू असल्यानं इथल्या तुकड्यांचा वेग वाढत गेला, ते एकमेकांना चिकटण्याऐवजी फोडू लागले, आणि इथं ग्रह झालाच नाही. तेव्हा डोळ्यांसमोर गर्दी आणू नका. पोकळी आणा. दिशा न कळणारी, आवाज नसलेली पोकळी, आणि त्यात सूर्यापासून सरासरी ३५ कोटी किलोमीटरवर सूर्याभोवती चाललेला एकटा वेस्टा.

पट्ट्यात सेरेसखालोखाल सर्वाधिक वस्तुमान त्याचं. सरासरी व्यास सुमारे ५२५ किलोमीटर, म्हणजे मुंबई ते नागपूर सरळ रेषेतल्या अंतराहून कमी. पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे चेपलेला आहे. पृष्ठभाग महाराष्ट्राच्या पावणेतीन पट. सूर्याभोवती एक फेरी मारायला ३ वर्षं ७ महिने लागतात, पण स्वतःभोवती तो ५ तास २० मिनिटांतच फिरतो.

त्याच्यावर उभे राहा. पायांखाली दगडाची पूड आहे, अब्जावधी वर्षांच्या लहानमोठ्या आघातांनी कुटलेली. वर आकाश भरदुपारीही काळं, कारण हवा नाही. सूर्य आहे, पण पृथ्वीवरून दिसतो त्याच्या निम्म्याहून लहान, आणि त्याचं ऊन पृथ्वीवरच्या उन्हाच्या जेमतेम पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकं. उगवल्यापासून पावणेतीन तासांच्या आत तो मावळतो. आता हातातला दगड छातीच्या उंचीवरून सोडून द्या. पृथ्वीवर तो अर्ध्या सेकंदात जमिनीवर आदळला असता. वेस्टाची ओढ पृथ्वीच्या चाळिसाव्या भागाइतकी. दगड हातातून सुटतो, आणि पडायला तीन सेकंदांहून जास्त वेळ घेतो. एक श्वास आत घ्या, तो खाली जातो आहे. श्वास सोडा, तो अजून जातो आहे. मग टेकतो. आवाज येत नाही.

पुन्हा एकदा सोडून पाहा. या एका गोष्टीवर हवा तेवढा वेळ राहा. वेस्टाचं शरीर केवढं आहे हे आकड्यांपेक्षा यानं जास्त कळतं.

पायांखाली जे आहे त्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. तिथंही बेसाल्टच.

हे पहिल्यांदा कसं कळलं तेही मनन करण्यासारखं आहे. १९७० साली टॉमस मॅकॉर्ड, जॉन अ‍ॅडम्स आणि टॉरेन्स जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी वेस्टावरून परतणारा सूर्यप्रकाश दुर्बिणीत घेऊन त्याचे रंग वेगळे केले. त्या वर्णपटात, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागाच्या सुरुवातीला एक खळगा आढळला. तेवढा प्रकाश कुणीतरी गिळला होता. गिळणारं खनिज पायरॉक्सिन. तसाच खळगा आकाशातून पडलेल्या, प्रयोगशाळेत ठेवलेल्या काही अशनींच्या वर्णपटात होता, आणि त्या अशनी म्हणजे लाव्हा थिजून झालेले दगड होते. एवढ्याशा प्रकाशकणांवरून कोट्यवधी किलोमीटर दूरच्या जमिनीचं खनिज ओळखता यावं, हे माणसाच्या मला सर्वांत सुंदर वाटणाऱ्या कामांपैकी एक.

पण बेसाल्ट म्हणजे लाव्हा, लाव्हा म्हणजे आतली आग. इवलासा वेस्टा वितळला कशानं? पृथ्वीसारखी आत उष्णता कोंडून ठेवायला तो फारच लहान. हा प्रश्न हातातल्या दगडासारखा थोडा वेळ धरून ठेवा, लगेच उत्तराकडे जाऊ नका. वेस्टाला कुणी तापवलं?

उत्तराचा एक धागा आपल्या देशात येऊन पडला. १९९६ च्या जून महिन्यात राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या पिपलिया कलां गावाजवळ आकाशातून दगड पडले. बाहेरून काळं चकचकीत कवच, आत फिकट राखाडी. युक्राइट जातीचे, म्हणजे वेस्टाच्या बेसाल्टशी जुळणारे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत जी. श्रीनिवासन, जितेंद्रनाथ गोस्वामी आणि नरेंद्र भंडारी यांनी त्यातल्या फेल्डस्पारचे कण तपासले. त्यांना मॅग्नेशियम-२६ अपेक्षेपेक्षा जास्त आढळलं. हे जादा मॅग्नेशियम म्हणजे अ‍ॅल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी समस्थानिकाची मागे राहिलेली खूण. त्याचं अर्धआयुष्य फक्त ७ लाख वर्षांच्या आसपास. सूर्यमाला जन्मली तेव्हा धुळीत ते मिसळलेलं होतं. फुटता फुटता त्यानं उष्णता दिली आणि काही दशलक्ष वर्षांत ते जवळपास संपून गेलं. जे पिंड लवकर वाढले, त्यांच्या पोटात ते भरपूर असतानाच अडकलं, आणि ते वितळले. उशिरा जमलेल्यांच्या वाट्याला ती आग आली नाही. १९९९ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं.

त्या गावातला तो दगड मनात आणा. ज्या आगीनं तो घडला ती विझून साडेचारशे कोटी वर्षं झाली. तिची राख त्याच्या फेल्डस्पारमध्ये, मोजता येईल इतकी, जागच्या जागी शिल्लक होती.

आता आपला दगड आणि तो दगड शेजारी ठेवा. खनिजांचं कूळ एकच. वय मात्र ६.६ कोटी आणि सुमारे ४५५ कोटी. पृथ्वी स्वतःच्या आरंभाची पानं पुसत आली आहे. तिच्या कवचाचे तुकडे सरकतात, खाली जाऊन पुन्हा वितळतात, पाऊस उरलेलं धुऊन नेतो. आपल्या दगडाची माती झाली, मातीचं पीक झालं, पोकळ्यांत स्फटिक वाढले. वेस्टाच्या दगडाची माती कधी झाली नाही. त्यावर पाऊस पडला नाही, त्यात झिओलाइट उगवले नाहीत. सूर्यमालेच्या अगदी पहिल्या काही दशलक्ष वर्षांत त्याचं वितळणं, थिजणं उरकलं आणि मग तो तसाच राहिला. आपण या दोन्हींचे नातलग आहोत असं मला वाटतं. जे बदलत राहिलं त्यावर आपण जगतो, आणि जे थांबलं त्याच्याकडून आपल्याला सुरुवात कळते.

हे दोन दगड थोडा वेळ तसेच शेजारी असू द्या.

थांबला म्हणजे त्याला काहीच झालं नाही असं नाही. वेस्टाच्या दक्षिण ध्रुवाकडे वळा. तिथं रियासिल्व्हिया नावाचं विवर आहे, सुमारे ५०० किलोमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ वेस्टाच्या व्यासाएवढं. आपलं लोणारचं विवरही बेसाल्टवरच्या आघातानं झालेलं. त्याच्या काठावर उभं राहून खालचं तळं ज्यांनी पाहिलं आहे त्यांनी ते आठवावं. त्याची रुंदी पावणेदोन किलोमीटरहून थोडी जास्त. मनातलं ते विवर रुंदावत न्या, दहा किलोमीटर, शंभर, पाचशे. समोरचा काठ दिसेनासा होतो. या महाविवराच्या मधोमध वीस किलोमीटरहून उंच डोंगर आहे. आघातानं दबलेली जमीन उसळून वर आली आणि तशीच राहिली. एव्हरेस्ट समुद्रसपाटीपासून ८.८५ किलोमीटर. आणि त्याच धक्क्यानं विषुववृत्ताभोवती शेकडो किलोमीटर लांबीच्या चऱ्या पडल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा कयास आहे.

हे सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी घडलं. रियासिल्व्हियाखाली आणखी जुनं, सुमारे ४०० किलोमीटरचं व्हेनेनिया हे विवर दबलेलं आहे. म्हणजे दोनदा. दोन्ही वेळा तो टिकला.

उडालेल्या तुकड्यांच्या मागे जा. सेकंदाला सुमारे ३६० मीटरपेक्षा जास्त वेग ज्यांना मिळाला ते वेस्टाच्या ओढीतून सुटले. त्यांतले पुष्कळ आजही लहान लघुग्रह होऊन त्याच्या आगेमागे फिरतात. १९९३ साली रिचर्ड बिन्झेल आणि शुइ शू यांनी अशा लहानग्यांची रांग शोधून काढली. ती वेस्टापासून एका विशिष्ट कक्षेपर्यंत पोचते. त्या कक्षेत गुरूची एक फेरी होईपर्यंत लघुग्रहाच्या बरोबर तीन होतात, त्यामुळे गुरूची ओढ पुन्हा पुन्हा त्याच जागी लागते, आणि सरकत तिथं आलेल्या दगडाची कक्षा लांबट होत होत पृथ्वीच्या वाटेला छेदते. दगड पोकळीत एकटा फिरत असताना विश्वकिरण त्याच्यावर आदळतात आणि त्यात नवी समस्थानिकं तयार होतात. ती मोजून तो किती काळ प्रवासात होता हे सांगता येतं. यांपैकी पुष्कळांचा प्रवास कोट्यवधी वर्षांचा. पडताना पाहिल्या गेलेल्या दर शंभर अशनींत पाच-सहा या घराण्यातल्या असतात. राजस्थानातच १९९४ साली लोहावटला पडलेली अशनीही यातलीच, हॉवर्डाइट जातीची.

मग यान गेलं. २००७ च्या सप्टेंबरात निघालेलं नासाचं ‘डॉन’ जुलै २०११ मध्ये वेस्टाच्या कक्षेत शिरलं. त्याच्या इंजिनाचा रेटा किती होता हे समजून घ्यायचं तर दगड बाजूला ठेवा आणि तळहातावर वहीचा एक कागद ठेवा. साधारण तेवढाच भार. झेनॉन वायूचे भारित कण मागे फेकत, दिवसच्या दिवस, महिनेच्या महिने तेवढ्याच रेट्यानं ते वेग साठवत गेलं. वर्षभराहून अधिक काळ त्यानं वेस्टाभोवती फेऱ्या घातल्या, सर्वांत जवळ असताना सुमारे २०० किलोमीटर उंचीवरून, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये ते सेरेसकडे निघालं. जमिनीतल्या मूलद्रव्यांची त्यानं घेतलेली मोजमापं युक्राइटांच्या घराण्याशी जुळली. राजस्थानातला दगड आणि पट्ट्यातला पिंड यांच्यातलं नातं पक्कं झालं.

इथं हे मनन संपवता आलं असतं. पण २०२५ साली रायन पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डॉन’ची जुनी मोजमापं पुन्हा नीट तपासली. वेस्टा फिरताना त्याच्या आतलं द्रव्य कसं वाटलेलं आहे हे त्यातून काढलं. तोवरची समजूत अशी होती, की वेस्टा पूर्ण वितळला, जड लोखंड मध्याला बुडून २०० किलोमीटरहून जाड गाभा झाला, वर प्रावरण, त्यावर कवच. वेस्टा म्हणजे वाढ खुंटलेला ग्रह. नव्या मोजणीत मात्र आत असा जड गाभा स्पष्ट दिसला नाही. आतलं द्रव्य अपेक्षेपेक्षा एकसारखं निघालं. मग एक शक्यता अशी, की वितळणं सुरू झालं पण पुरं झालं नाही. दुसरी अशी, की वेस्टा हा मुळात स्वतंत्र पिंडच नव्हे. घडत असलेल्या एखाद्या मोठ्या ग्रहाला जबर टक्कर बसली आणि त्याचा हा तुटलेला तुकडा.

ही दुसरी शक्यता वाचली तेव्हा मला हाइनरिश ओल्बर्स आठवले. जर्मनीतल्या ब्रेमेनचे हे डॉक्टर दिवसा रुग्ण पाहत आणि रात्री आकाश. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एकेकाळी एक ग्रह होता, तो फुटला, आणि सेरेस, पॅलस हे त्याचे तुकडे, असं त्यांना वाटे. मग उरलेले तुकडे जिथून जायला हवेत ते आकाशाचे भाग ते वर्षानुवर्षं चाळत राहिले. २९ मार्च १८०७ ला कन्या राशीत त्यांना वेस्टा सापडला. कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी त्याला रोमन लोकांच्या अग्निदेवतेचं नाव दिलं. पट्टा म्हणजे एका फुटक्या ग्रहाचे तुकडे ही कल्पना पुढं मागे पडली, आणि योग्यच होतं. तेवढं द्रव्यच तिथं नाही. पण निदान वेस्टापुरता, वेगळ्या अर्थानं, तो प्रश्न २०० वर्षांनी परत दारात आला आहे.

मघाशी तुम्ही ज्याच्यावर उभे होता, तो कुणाचा तरी तुकडा असेल? की स्वतः एक अपुरा ग्रह? दोन्ही चित्रं आळीपाळीनं मनात आणा. एका चित्रात लहानशा पिंडाचं पोट तापतं, अर्धवट वितळतं, आणि इंधन संपल्यामुळे तिथंच थिजतं. दुसऱ्यात मोठा ग्रह आकार घेत असतो, टक्कर होते, कवचाचा आणि प्रावरणाचा ढिगारा उडतो, पोकळीत पुन्हा गोळा होतो. कोणतंही एक खरं धरून बसू नका. पायरॉक्सिन दोन्हींत आहे, युक्राइट दोन्हींत आहे, पिपलिया कलांचा दगड दोन्हींशी जुळतो. मनाला एक काहीतरी पकडायची ओढ लागेल. तिला विरोध न करता दोन्ही चित्रं जवळ ठेवता येतात का ते पाहा. मला हे या मननातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचं वाटतं.

आणि शेवटचा भाग घरात बसून करायचा नाही. दर साडेसोळा महिन्यांच्या आसपास वेस्टा आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो आणि तेव्हा सर्वांत तेजस्वी दिसतो. सगळ्या लघुग्रहांत तोच सर्वांत ठळक. कधी कधी गावाबाहेरच्या गडद अंधारात नुसत्या डोळ्यांनाही कळेल इतका. कुटलेल्या दगडाची पूड फिकट असते, तिच्यामुळे तो उजळतो. अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी ४० टक्क्यांहून अधिक प्रकाश तो परत धाडतो. त्या दिवसांत तो कोणत्या राशीत आहे हे खगोलमंडळातल्या कुणालाही विचारा किंवा मोबाइलवरच्या आकाशाच्या नकाशात पाहा. साधी द्विनेत्री घेऊन आकाशाचा तेवढाच तुकडा बघा, आणि दिसतील तेवढे ठिपके कागदावर उतरवा, तारीख आणि वेळ टाकून. दोन-तीन रात्रींनी त्याच वेळी पुन्हा बघा आणि पुन्हा उतरवा. एक ठिपका सरकलेला असेल, तो वेस्टा. बेसाल्टवरून परतलेलं ते सूर्याचं ऊन तुमच्यापर्यंत यायला दहा-बारा मिनिटं लागलेली असतात. ओल्बर्स यांनीही त्याला असाच, ताऱ्यांमधून सरकताना ओळखला होता. कागद जपून ठेवा, पुढच्या खेपेला तुलनेला लागेल.